अमेरिकेतील फ्युनरल होम आणि स्त्रिया : श्रम, परवाना व नोंद यांचा इतिहास

प्रास्ताविक

अमेरिकेतील अंत्यसंस्कार-व्यवसायाचा इतिहास सांगताना एक ठरीव आराखडा वापरला जातो. वसाहतकाळात मृताची सर्व व्यवस्था घरातील व शेजारपाजारच्या स्त्रिया पाहत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते काम पुरुष व्यावसायिकांच्या हाती गेले. आणि १९७० नंतर स्त्रिया या क्षेत्रात ‘परत’ आल्या. हा आराखडा ढोबळमानाने चुकीचा नाही. तथापि मधली सुमारे नव्वद वर्षे स्त्रियांविना गेली, असे जे त्यातून सूचित होते, ते तपासून पाहण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या मधल्या काळावर आहे. फ्युनरल होमच्या इमारतीतून स्त्री कधी बाहेर पडलीच नव्हती. बाहेर पडले ते तिचे नाव. शहराच्या निर्देशिकेतून, परवान्यावरून आणि दारावरच्या पाटीवरून ते कसे गेले, याचा मागोवा घेणे हा येथील उद्देश आहे.

‘फ्युनरल होम’ या शब्दाला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही, याचे कारण उघड आहे. ती संस्थाच आपल्याकडे त्या स्वरूपात वाढली नाही. मृत्यूनंतर देह जेथे आणला जातो, धुतला जातो, रसायनांनी टिकविला जातो, ज्याला कपडे चढवून शवपेटीत ठेवले जाते, आप्तेष्ट जेथे अंत्यदर्शनाला येतात, प्रार्थना होते आणि जेथून पुढे दफनभूमीकडे वा दाहगृहाकडे प्रयाण होते, अशी ही खाजगी, परवानाधारक जागा असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बहुधा एखाद्या प्रशस्त जुन्या घरात असे आणि मालकाचे कुटुंब त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत असे. हा शेवटचा तपशील किरकोळ वाटला तरी या विषयात त्याला फार महत्त्व आहे.

प्रेत सज्ज करणाऱ्या स्त्रिया

अठराव्या शतकातील अमेरिकन खेड्यात मृत्यू घरातच होई. प्राण गेल्यावर पहिले काम वेळेशी झगडण्याचे असे. शरीर ताठ होण्यापूर्वी हातपाय सरळ करावे लागत, हनुवटी फडक्याने वर बांधावी लागे, पापण्या मिटून त्यांवर नाणी ठेवावी लागत. त्यानंतर देह धुणे, केस विंचरणे आणि कफन चढविणे. उन्हाळ्यात बर्फ ठेवणे किंवा शिरक्यात भिजविलेली फडकी चेहऱ्यावर बदलत राहणे हेही त्यातच येई. रात्रभर प्रेताजवळ कोणीतरी जागे राहत असे. यांतील बहुतेक कामे स्त्रिया करीत. गावचा सुतार पेटी करून देई, चर्चचा सेवक खड्डा खणे व घंटा वाजवी. पेटी उचलणे हे पुरुषांचे. घराच्या उंबरठ्याच्या आतले काम स्त्रियांचे आणि बाहेरचे पुरुषांचे, अशी ही वाटणी होती.

या कामाचे विश्वसनीय चित्र मेन प्रांतातील हॅलोवेल येथील मार्था बॅलर्ड या सुईणीच्या रोजनिशीत मिळते. १७८५ ते १८१२ या सत्तावीस वर्षांत तिने ही रोजनिशी जवळजवळ दररोज लिहिली. तीत आठशेहून अधिक बाळंतपणांची नोंद आहे, आणि त्याच कोरड्या शैलीत शेजाऱ्यांच्या घरी जाऊन मृतांना सज्ज केल्याच्याही नोंदी आहेत. जन्म आणि मृत्यू या दोन्ही प्रसंगी तीच स्त्री त्याच घरात, बहुधा त्याच खोलीत, हजर असे. पूर्वीच्या स्थानिक इतिहासकारांनी ही रोजनिशी क्षुल्लक घरगुती तपशिलांनी भरलेली म्हणून बाजूला ठेवली होती. लॉरेल थॅचर अलरिक यांनी १९९० मध्ये तिच्यावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला व त्याला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. नोंद अस्तित्वात असूनही ती ‘इतिहास’ मानली जात नव्हती, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवी.

शहरांत हेच काम काही स्त्रियांचा चरितार्थ बनले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या फिलाडेल्फियाच्या निर्देशिकांत नाव, पत्ता व व्यवसाय दिलेला असे, आणि त्यांत ‘मृतांना सज्ज करणारी’ असा व्यवसाय लावलेल्या स्त्रिया आढळतात. त्यांत विधवा होत्या, परिचारिका होत्या, सुइणी होत्या. म्हणजे हे काम स्त्रिया केवळ नात्यापोटी वा शेजारधर्म म्हणून करीत होत्या आणि त्याला बाजारात मोल नव्हते, हा समज या नोंदींपुढे टिकत नाही. जॉर्जॲन रंडब्लॅड यांनी १९९५ मध्ये बाजारपूर्व काळातील स्त्रियांच्या या श्रमांकडे लक्ष वेधले, तेव्हापासून या प्रश्नाचा गांभीर्याने विचार होऊ लागला. त्यापूर्वीचा प्रमाणग्रंथ म्हणजे हेबेनस्टाइन व लेमर्स यांचा १९५५ चा इतिहास. तो व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेच्याच पुढाकाराने सिद्ध झाला होता. माहितीच्या दृष्टीने तो आजही मोलाचा आहे. परंतु व्यवसाय स्वतःची वंशावळ सांगू लागला की सुतार, तबेलेवाला आणि वैद्य हे पूर्वज ठरतात व सुईण आजी ठरत नाही, हे त्याबाबत लक्षात घेतले पाहिजे.

‘अंडरटेकर’ हा शब्द मुळात काम अंगावर घेणारा मक्तेदार या अर्थाचा. सुतार पेटीबरोबर कफन, हातमोजे, घोडागाडी यांचीही तरतूद करू लागला, तेव्हा तो अंडरटेकर झाला. आरंभी तो वस्तू पुरवी. देहाला हात लावणे हे त्याचे काम नव्हते. त्यासाठी तोच एखाद्या स्त्रीला बोलावून घेई.

हेन्रिएटा ड्युटर्ट

याच फिलाडेल्फियात १८५८ मध्ये एका कृष्णवर्णीय अंडरटेकरचा मृत्यू झाला आणि त्याची विधवा हेन्रिएटा ड्युटर्ट हिने पतीचा व्यवसाय स्वतःच्या नावाने पुढे चालविला. अमेरिकेतील पहिली स्त्री अंडरटेकर म्हणून तिचा उल्लेख केला जातो. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना उत्तरेकडे नेणाऱ्या गुप्त साखळीशी तिचा संबंध होता. शवपेट्यांतून आणि अंत्ययात्रेच्या मिषाने माणसे पुढे पाठविली जात, असे तिच्याविषयी सांगितले जाते. ती १९०३ पर्यंत हयात होती आणि व्यवसायातून आलेला पैसा तिने आपल्या समाजाच्या संस्थांना दिला.

‘पहिली स्त्री’ ही बिरुदावली येथे थोडी तपासून घ्यावी लागते. प्रेत सज्ज करणाऱ्या स्त्रिया तिच्यापूर्वी त्याच शहरात पन्नास वर्षे निर्देशिकेत होत्या. हेन्रिएटा पहिली ठरते ती पेढीची मालकीण म्हणून. गाड्या, घोडे, पेट्यांचा साठा आणि पाटी तिच्या नावावर होती. ही मालकी तिला वैधव्याच्या वाटेने मिळाली, आणि पुढील शंभर वर्षे या व्यवसायात स्त्रीचे नाव पाटीवर येण्याची सर्वात सरळ वाट तीच राहिली.

यादवी युद्ध आणि शवसंरक्षण

१८६१ ते १८६५ या यादवी युद्धात मृत्यूचा घराशी असलेला संबंध तुटला. मृतांची संख्या दीर्घकाळ सहा लाख वीस हजार मानली जात असे. २०११ मध्ये डेव्हिड हॅकर यांनी जनगणनेच्या आधारे ती साडेसात लाखांच्या आसपास असावी असा अंदाज मांडला. हजारो तरुण घरापासून शेकडो मैलांवर मरत होते. आईने वा बहिणीने देह धुवावा ही कल्पनाच अशक्य झाली होती. ज्यांना परवडत होते त्यांना मुलाचा चेहरा एकदा पाहावयास हवा होता, आणि तेथे रक्तवाहिन्यांतून रसायन भरून देह टिकविण्याचे तंत्र कामी आले.

२४ मे १८६१ रोजी कर्नल एल्मर एल्सवर्थ मारला गेला. थॉमस होम्स याने त्याच्या देहाचे शवसंरक्षण केले व तो देह व्हाइट हाउसमध्ये ठेवण्यात आला. रणांगणामागे तंबू टाकून बसलेले शवसंरक्षक मग अधिकाऱ्यासाठी एक व शिपायासाठी दुसरा असा दर आकारू लागले. त्यांतील लुबाडणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मार्च १८६५ मध्ये लष्कराला त्यांच्यासाठी परवान्याचा नियम करावा लागला. एप्रिलमध्ये अब्राहम लिंकन यांची हत्या झाली. त्यांचा देह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत सोळाशेहून अधिक मैलांचा प्रवास आगगाडीने करीत गेला आणि वाटेत शहरोशहरी लक्षावधी लोकांनी त्याचे दर्शन घेतले. मृत्यूनंतर आठवडे लोटले तरी देह पाहता येतो, हे सामान्य अमेरिकन माणसाने तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

या घटनेचे स्त्रियांच्या दृष्टीने महत्त्व असे की, देहाची काळजी आणि देहावरील तंत्र या दोन गोष्टी येथे प्रथमच वेगळ्या झाल्या. धुणे, विंचरणे, कपडे चढविणे ही काळजी. धमनी उघडून द्रव भरणे हे तंत्र. काळजीचा अनुभव स्त्रियांपाशी होता. तंत्राचा दावा पुरुषांनी केला, आणि ते वैद्यकाच्या भाषेत बोलू लागले. व्यवसायाची प्रतिष्ठा पुढे ज्यावर उभी राहिली ते तंत्र होते. काळजी त्याच्या पोटात अनामिक होऊन गेली.

विद्यालय, परवाना आणि ‘लेडी असिस्टंट’

त्यानंतरची तीस वर्षे व्यावसायिकीकरणाची. १८७६ मध्ये ‘द कास्केट’ हे व्यवसायपत्र निघाले. १८७८ मध्ये ऑगस्ट रेनुआर्ड यांचे अंडरटेकरांसाठीचे मार्गदर्शक पुस्तक आले. १८८२ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व त्याच वर्षी सिनसिनाटीत शवसंरक्षणाचे विद्यालय सुरू झाले. १८९४ मध्ये व्हर्जिनिया राज्याने शवसंरक्षकांसाठी परवान्याचा कायदा केला आणि इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. नावेही बदलली. अंडरटेकरऐवजी ‘फ्युनरल डायरेक्टर’ हे नाव पुढे आले, आणि ‘फिजिशियन’ शब्दाच्या धर्तीवर ‘मॉर्टिशियन’ हा शब्द १८९५ मध्ये मुद्दाम घडविण्यात आला. सुताराच्या शेडमधून वैद्याच्या दिवाणखान्यात जाण्याची ही धडपड होती.

या धडपडीत स्त्रीचे काय करावयाचे, हा प्रश्न व्यवसायपत्रांना टाळता आला नाही. कारण मजेशीर आहे. शवसंरक्षण तेव्हा अद्याप मृताच्या घरीच होत असे. फळी, बाटल्या व पंप घेऊन शवसंरक्षक घरी येई आणि शयनगृहात काम करी. मृत व्यक्ती तरुण स्त्री असेल तर परक्या पुरुषाने तिच्या विवस्त्र देहाला हात लावावा, हे व्हिक्टोरियन शालीनतेच्या कल्पनेत बसणारे नव्हते. तेव्हा स्त्रिया व बालके यांच्यासाठी ‘लेडी असिस्टंट’ नेमण्याचा तोडगा निघाला आणि जाहिरातींतून तो अभिमानाने मिरविला जाऊ लागला. शालीनतेचा हा युक्तिवाद स्त्रियांनीही वापरला. काहींनी त्याच्या बळावर शवसंरक्षणाचे शिक्षण घेतले आणि परवानेही मिळविले.

विरोधी युक्तिवाद त्याच मुशीतला होता. स्त्री हळवी, तिच्या मज्जातंतूंना हे दृश्य सोसणार नाही, रसायन हे तिचे क्षेत्र नाही, असे सांगितले जाई. ज्या स्त्रिया अनेक पिढ्या मृतांना धूत आल्या, ज्यांनी पटकी व पीतज्वराच्या साथींत ही कामे केली, त्यांच्या वारसदारांना हे ऐकविले जात होते. स्त्रीचा स्वभाव कोमल आहे या एकाच विधानावरून तिला आतही घेता येत होते आणि बाहेरही ठेवता येत होते. निर्णय कोणता व्हावयाचा ते स्वभावाने ठरत नव्हते. त्या घटकेला बाजाराची जी गरज असे तिने ते ठरत होते.

येथे फिलाडेल्फियाचाच आणखी एक संदर्भ मराठी वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही. त्या शहरात स्त्रियांसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झाले होते. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी तेथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. पुढील वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या अस्थी त्यांच्या अमेरिकन स्नेही थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सीच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. स्त्री डॉक्टर होऊ शकते हे ज्या दशकांत ज्या शहरात सिद्ध होत होते, त्याच दशकांत त्याच शहरात मृतांना सज्ज करणारी स्त्री व्यवसाय म्हणून दिसेनाशी होत होती. दोन्हींकडे निर्णायक ठरले ते प्रमाणपत्र. वैद्यकात प्रमाणपत्राने काही स्त्रियांना दार उघडले. मृतांच्या व्यवसायात त्याच प्रमाणपत्राने, ज्यांच्यापाशी अनुभव होता पण कागद नव्हता, अशा अनेकींना दाराबाहेर काढले.

भांडवलाचा मुद्दाही विसरता येणार नाही. शोभिवंत शववाहिका, घोड्यांची जोडी, कारखान्यातून येणाऱ्या पेट्या, पुढे मोटारी आणि इमारत यांसाठी कर्ज लागे, आणि विवाहित स्त्रीला स्वतःच्या पतीवर कर्ज मिळणे दुरापास्त होते. परवाना मिळालेली स्त्रीसुद्धा बहुधा कोणाच्या तरी पेढीतच काम करी.

वरचा मजला

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मृत्यू घरातून रुग्णालयात गेला, आणि घरे लहान झाली तसे अंत्यदर्शनही घराबाहेर गेले. व्यावसायिकांनी गावातील मोठी घरे विकत घेऊन त्यांची फ्युनरल होम्स केली. घरासारखे वातावरण हे त्यांचे विक्रीमूल्य होते. आणि घर म्हटले की गृहिणी आलीच.

फ्युनरल डायरेक्टरच्या पत्नीचा दिवस कसा जाई, याचे चित्र त्या व्यवसायातील कुटुंबांच्या आठवणींत वारंवार सापडते. दूरध्वनी रात्री दोन वाजताही वाजे आणि तो बहुधा तीच घेई. मृत्यूची वार्ता सांगणाऱ्या माणसाशी पहिला संवाद तिचा होई. मृत स्त्रियांचे केस ती करी, चेहऱ्याला रंग लावी, कपड्यांना इस्त्री करी. फुलांची मांडणी, पाहुण्यांची कॉफी, वेळ पडल्यास ऑर्गन वाजविणे, हिशेबाच्या वह्या लिहिणे आणि थकलेल्या बिलांची आठवण नाजूक शब्दांत करून देणे ही कामेही तिचीच. खाली दर्शन चालू असताना वरच्या मजल्यावर मुलांना आवाज करू द्यावयाचा नाही, हेही तीच पाही. यांतील पुष्कळसे काम ‘लेडी असिस्टंट’च्याच कामासारखे होते, पण त्यासाठी वेगळा पगार नव्हता. जनगणनेच्या व्यवसाय-स्तंभात ते बहुधा उमटत नसे, आणि पाटीवर ‘अमुक आणि पुत्र’ असे लिहिलेले असे.

आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली ती मुख्यतः हवाई सुंदरींच्या अभ्यासातून. समोरच्याच्या मनात विशिष्ट भाव निर्माण व्हावा म्हणून स्वतःच्या भावनांवर ताबा ठेवणे आणि ते नोकरीचा भाग म्हणून विकणे, असा तिचा आशय आहे. फ्युनरल होमच्या वरच्या मजल्यावरील पत्नी हे श्रम विकतही नव्हती. ते लग्नाबरोबर आलेले होते. त्यामुळे १९५० च्या आसपास या व्यवसायात परवानाधारक स्त्रिया फार थोड्या होत्या, हे आकडेवारीचे विधान खरे असूनही अपुरे ठरते. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा काही पत्नींनी पेढ्या चालविल्या, काहींनी परवानेही काढले. त्यांना काम नव्याने शिकावे लागले असे मानण्यास आधार नाही. त्यांना लागली ती परीक्षा.

कृष्णवर्णीयांच्या फ्युनरल होम्सची हकीकत काही अंशी निराळी आहे. वर्णभेदामुळे गोऱ्या पेढ्या त्यांचे मृतदेह स्वीकारत नसत वा अपमानास्पद रीतीने हाताळत. त्यामुळे हा व्यवसाय त्या समाजाच्या स्वतःच्या हाती राहिला आणि फ्युनरल डायरेक्टर हा गोऱ्या मालकावर अवलंबून नसलेला प्रतिष्ठित गृहस्थ बनला. अशा एका पेढीत १९५५ मध्ये जे घडले ते येथे नोंदविणे अगत्याचे आहे. चौदा वर्षांच्या एमेट टिलची २८ ऑगस्ट रोजी मिसिसिपीत हत्या झाली. पेटी उघडू नये अशा अटीवर देह शिकागोला धाडण्यात आला. आई मेमी टिल हिने ए. ए. रेनर यांच्या फ्युनरल होममध्ये पेटी उघडावयास लावली आणि मुलाचा विद्रूप झालेला चेहरा आहे तसा लोकांना दिसला पाहिजे असा आग्रह धरला. हजारो लोकांनी तो पाहिला. ‘जेट’ या साप्ताहिकाने छायाचित्रे छापली. चेहरा सुंदर करणे हे ज्या व्यवसायाचे कौशल्य मानले जाते, त्याच्याच जागेत एका आईने ते कौशल्य नाकारले आणि नागरी हक्कांच्या चळवळीला त्यातून नवा जोर आला. मृतदेहाचे काय करावयाचे हे ठरविण्याचा जुना घरगुती अधिकार तिने व्यावसायिकाच्या दारात उभे राहून बजावला होता.

१९६३ आणि नंतर

१९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड यांचे ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ हे पुस्तक आले व त्याने व्यवसाय हादरला. महागड्या पेट्या, अनावश्यक शवसंरक्षण, शोकाकुल ग्राहकावर टाकला जाणारा दबाव यांचे तिखट व विनोदी वर्णन त्यात आहे. त्याच वर्षी रूथ मल्व्ही हार्मर यांचेही याच विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले होते, पण मिटफर्ड यांच्या गाजावाजात ते मागे पडले. दोन्ही टीकाकार स्त्रिया असाव्यात यात आश्चर्य नाही. पुरुष सरासरीने आधी मरतो. पेट्यांच्या दालनात उभी राहून किंमत ऐकणारी व्यक्ती बहुधा विधवा असते. सेवा देणारी म्हणून स्त्रीची नोंद राहिली नव्हती, तरी बिल भरणारी म्हणून तिला विसरणे कोणाला शक्य नव्हते. पुढे संघराज्याच्या व्यापार आयोगाचा नियम १९८४ मध्ये लागू झाला. प्रत्येक बाबीची स्वतंत्र किंमत लेखी देणे, दूरध्वनीवरही दर सांगणे आणि शवसंरक्षण कायद्याने सक्तीचे आहे असे खोटे न सांगणे त्याने बंधनकारक केले.

शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास मनाई करणारा १९७२ चा कायदा व त्यापूर्वीचा १९६४ चा नागरी हक्क कायदा यांमुळे विद्यालयांची दारे उघडली. १९७० च्या सुमारास शवविज्ञान विद्यालयांत मुली अपवादानेच दिसत. एकविसाव्या शतकात त्यांचे प्रमाण अर्ध्यावर गेले आणि अलीकडे प्रवेश घेणाऱ्यांत त्या दोन तृतीयांशांहून अधिक आहेत. इतक्या वेगाने लिंगरचना उलटी झालेले व्यवसाय थोडेच असतील.

या बदलाचे स्वागत करताना दोन गोष्टी सुटतात. पहिली मालकीची. ह्यूस्टन येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनलसारख्या कंपन्यांनी पुढील दशकांत कौटुंबिक पेढ्या मोठ्या प्रमाणावर विकत घेतल्या. ‘आणि पुत्र’ मधील पुत्रांना वडिलांचा धंदा नको होता, म्हणून विक्री झाली. काही ठिकाणी म्हणूनच कन्या पुढे आल्या. परिणामी अनेक स्त्रिया या क्षेत्रात आल्या त्या वेळी मालकाचा दर्जा स्वस्त झालेला होता, आणि दहनाचे प्रमाण वाढल्याने नफाही आटत होता. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत दहनाने दफनाला मागे टाकले. शिक्षण, परिचर्या, कारकुनी या व्यवसायांच्या इतिहासात स्त्रियांचा मोठा प्रवेश आणि व्यवसायाच्या आर्थिक आकर्षणाची घट एकत्र आढळतात. हे क्षेत्र त्याला अपवाद दिसत नाही.

दुसरी गोष्ट युक्तिवादाची. स्त्रिया जात्याच सहृदय, त्यांना शोक समजतो, म्हणून त्या या कामाला योग्य, असे आता व्यवसायाचे प्रवक्तेच सांगतात. शंभर वर्षांपूर्वीचे विशेषण तेच आहे. त्याचे चिन्ह फक्त बदलले. त्यातून स्त्रीने दाखविलेले कौशल्य पुन्हा एकदा तिच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होते, आणि स्वभावाला वेतनश्रेणी नसते. याउलट ज्या बाबीत स्त्रीपुरुष दोघांच्याही प्रकृतीचा खरोखर विचार करावयास हवा होता ती बाब फॉर्माल्डिहाइडची. १९०० च्या आसपास आर्सेनिकच्या जागी आलेले हे द्रव्य माणसात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. मज्जातंतूंच्या काळजीने स्त्रीला दूर ठेवणाऱ्या काळात या धोक्याची चर्चा नव्हती.

याच सुमारास एक वेगळा प्रवाहही सुरू झाला. लिसा कार्लसन यांनी १९८७ मध्ये आपल्या मृतांची काळजी आपणच घेण्याविषयीचे पुस्तक लिहिले. कॅलिफोर्नियात १९९५ पासून जेरी लायन्स यांनी घरच्या घरी अंत्यसंस्कार करण्याचे मार्गदर्शन सुरू केले. लॉस एंजेलिसमधील परवानाधारक मॉर्टिशियन कॅटलिन डौटी यांनी २०११ मध्ये मृत्यूविषयी मोकळेपणाने बोलण्याची चळवळ उभी केली. बहुतेक राज्यांत कुटुंबाने स्वतः देह धुणे, घरी ठेवणे यास कायद्याची आडकाठी नाही, हे अनेक अमेरिकनांना अशा स्त्रियांकडूनच प्रथम कळले. लायन्स यांच्या कार्यशाळांत शिकविले जाणारे धुण्याचे, बर्फ ठेवण्याचे, हनुवटी बांधण्याचे धडे मार्था बॅलर्डला अपरिचित वाटले नसते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा या संस्थेशी संबंध येतो तो याच टप्प्यावर. न्यू जर्सी, शिकागो, ह्यूस्टन येथे घरातील मृत्यूनंतर देह बहुधा फ्युनरल होममध्ये नेला जातो, आणि हिंदू कुटुंबांना सेवा देण्याचा सराव असलेल्या पेढ्या तेथे आहेत. स्नान घालणे व साडी नेसविणे हे काम पेढीच्या खोलीत, कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, घरातील स्त्रिया करतात. साडी नेसविण्याचे ज्ञान पेढीकडे नसते, त्यामुळे तेवढ्यापुरता तो अधिकार नातलग स्त्रीकडे येतो. मात्र मुंबई-पुण्याकडे ज्या स्त्रिया परंपरेने घराच्या दारातूनच मागे फिरत, त्या तेथे दाहगृहापर्यंत जातात. मुलगा नसेल वा दूर असेल तर दाहयंत्राची कळ मुलगी दाबते. पुण्यात स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण देण्याचे प्रयोग गेल्या काही दशकांत झाले; त्यांतून अंत्येष्टी करणाऱ्या स्त्री-पुरोहितही तयार झाल्या. परदेशात मात्र हा बदल चळवळीशिवाय घडून आला. दालन एकच, वेळ ठरलेली, आणि स्त्रियांनी थांबावे असा उंबरठा त्या इमारतीला नव्हता.